ठकीची उघड्या टपाची गाडी

मंगळवार, ९ तारीख

अक्का,

आधी बसून घे, चष्मा पूस आणि मग वाच. बातमी अशी आहे की काल मी गाडीत बसले. उभ्या नाही, चालत्या गाडीत. आणि मला काही झालं नाही.

हवं तर पुन्हा वाच. मीसुद्धा लिहून झाल्यावर दोनदा वाचलं.

शाळेच्या सहलीत बसच्या खिडकीत माझं डोकं धरून ठेवणारी तूच होतीस, तेव्हा तुला वेगळं काय सांगू. मला गाडी लागते हे आपल्या घरात माझ्या नावाइतकंच सगळ्यांना पाठ. तुझ्याकडे शेवटची आले तेव्हा घाटाच्या प्रत्येक वळणावर गाडी थांबवावी लागली होती. तुझ्या दारात मला दोघांनी धरून उतरवलं, नि सगळा मुक्काम मी तुझ्या पलंगावर आडवी, तू पायथ्याशी बसलेली. बोलणं काय झालं, तर "पाणी देऊ?" आणि "नको." तेव्हाच मी ठरवलं की आता पत्रांवर भागवायचं. तुझे गुडघे तुला इकडे येऊ देत नाहीत, माझं पोट मला तिकडे येऊ देत नाही, आणि फोनवर तू माझं निम्मं ऐकतेस नि उरलेलं मनाने घालतेस.

तर आता नीट सांगते. ठकीची गाडी मोडली. म्हणजे तिच्या बापाची जुनी, जी त्याने तिच्या गळ्यात घातली होती ती. रस्त्यात उभी राहिली ती राहिलीच. आता गाडीशिवाय तिचं पान हलत नाही. लोकांचे पियानो सुरात लावायचं काम, आज या शाळेत, उद्या त्या सभागृहात, परवा कुणा हौशी डॉक्टरच्या घरी. किल्ल्यांची नि चिमट्यांची बॅग घेऊन ती सारखी फिरतीवर. मला आधी वाटायचं नात वाजवायला शिकली असती तर बरं, ही नुसती दुसऱ्यांसाठी लावूनच ठेवते. पण एकदा शेजारच्या शाळेत तिचं काम बघितलं आणि गप्प बसले. तेही सांगेन, पण आज नको, आज गाडी.

आमच्या मागच्या गल्लीत जुन्या गाड्या विकणारा एकजण आहे. काडीसारखा माणूस, टाय घालतो, आणि बोलताना टायच जास्त हलतो. त्याच्या आवारात ठकीने एक गाडी हेरली. एवढीशी. रंग शेवाळी. दोनच सीटा. आणि वरचं टप कापडाचं, घडी करून मागे टाकता येतं. मग वर आभाळ. मी म्हटलं, ही काय गाडी, हा तर चाकं लावलेला टब झाला. ठकीचं लक्षच नव्हतं. ती गाडीभोवती फिरत होती, लहानपणी दुकानातल्या काचेला नाक लावून उभी राहायची ना, तसं तोंड करून.

मी गेले होते चालत, सहज, पाय मोकळे करायला. पण ठकीला गाडीचा आवाज ऐकायचा होता, आणि तोही शेजारी कुणी बसलेलं असताना. एकटीने बसलं की गाडी एका बाजूला कलते, मग खरा आवाज कळत नाही म्हणे. विकणाऱ्याला बसवलं असतं, पण त्याचं वजन काय, टायसकट पाच कांदे. म्हणून ती माझ्याकडे वळली.

"आजी, तू फक्त वजन म्हणून बस. मी जागची हलवणार नाही."

वजन म्हणून बसायला मला कुणी सांगितलं तर मी नाही कशी म्हणेन, तेवढी एकच गोष्ट माझ्याकडे भरपूर आहे. बसले. तिने इंजिन सुरू केलं, डोळे मिटले, कान दिला. मग म्हणाली, जरा पुढे घेते. मग म्हणाली, जरा फाटकाबाहेर. अक्का, ती मुलगी मला फसवून रस्त्यावर घेऊन गेली.

माझ्याजवळ पिशवी नाही, काही नाही. मी रुमाल पिळत बसले, तोंडाला पाणी कधी सुटतंय याची वाट बघत. सुटेना. एक वळण झालं, दुसरं झालं. मग मी मान वर केली. अगं, आपल्याच रस्त्यावर दुसऱ्या मजल्यावर माणसं राहतात हे मला नव्याने कळलं. एक म्हातारा खिडकी पुसत होता, एका गच्चीवर कुणीतरी पायमोजे वाळत घातले होते, सगळे एकेकटे. पावाच्या भट्टीवरून गेलो तर वास थेट डोक्यावर येऊन पडला. आवारात परत आलो तेव्हा मला भूक लागली होती. गाडीतून उतरून भूक! विकणाऱ्याने विचारलं, कशी वाटली. मी त्याचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, "बाबा, तुझं कल्याण होवो." त्याला वाटलं म्हातारी भाव पाडतेय.

आता तू मनात काय म्हणते आहेस ते मला ऐकू येतंय. पण घाई नको. गाडी अजून घेतलेली नाही, आणि घरात वाघ बसलाय.

तुझी धाकटी


शनिवार, २० तारीख

अक्का,

तुझं पत्र आलं. "कधी येतेस" एवढंच लिहिलंस, बाकी कागद कोरा. इतका कोरा कागद पाठवायला तिकीट कशाला लावलंस गं. पण तो मी उशाखाली ठेवलाय.

वाघ म्हणजे आमचा मोठा, ठकीचा बाप. तुला माहीतच आहे, त्याने जन्मभर इमारतींच्या लिफ्ट तपासल्या. तेव्हा डोक्यावर पक्कं छप्पर नसलेली नि खाली चार बाजूंनी बंद नसलेली कुठलीही वस्तू त्याला माणसं न्यायला योग्य वाटत नाही. छत्रीसुद्धा तो दोनदा हलवून बघतो. त्याने जेवणाच्या टेबलावर ठकीची उलटतपासणी घेतली. पाऊस आला तर? टप लावायचं. कुणी सुरी मारून कापड फाडलं तर? गाडीत काही ठेवायचंच नाही. टप घडी केल्यावर मागे सामानाला जागा किती उरते? एका बॅगेपुरती, आणि माझी एकच बॅग आहे. उन्हात? टोपी. दोनच सीटा, आम्ही तिघं कुठे बसणार? यावर ठकी म्हणाली, तुमच्याकडे तुमची गाडी आहे की बाबा.

आमची सूनबाई कपडे धुलाईच्या दुकानात काउंटरला असते, डाग म्हटला की तिचे डोळे चमकतात. ती म्हणाली, सीटा फिक्या आहेत, धूळ बसेल. मग जरा थांबून हळूच विचारते, मला एक चक्कर मारशील का गं. मोठ्याने तिच्याकडे असं बघितलं की ती आपल्या ताटातल्या आमटीत बघायला लागली.

पण अक्का, मोठा मूर्ख नाही. नेमकी दुखरी जागा त्यालाच सापडली. ठकीची कामाची एक रीत आहे. पियानो लावायला जायच्या आधी ती कान स्वच्छ ठेवते. रेडिओ नाही, गप्पा नाहीत, घरातून निघाली की मुकी. कानात काही भरून गेली तर तारेचा बारीक फरक ऐकू येत नाही म्हणे. आणि उघड्या गाडीत वारा तर भोंग्यासारखा कानात शिरतो. ते तिनेच कबूल केलं.

"म्हणजे कामावर जाताना टप बंद," मोठा म्हणाला.

"हो."

"मग उघडणार कधी?"

"येताना."

"आणि येताना पाऊस असला तर?"

"मग दुसऱ्या दिवशी."

"रोजची गाडी आहे की सणाची?" असं म्हणून तो हात धुवायला उठला. जिंकलाच होता. तेवढ्यात ठकीने हुकमाचं पान टाकलं. म्हणाली, बाबा, त्या गाडीत आजीला लागली नाही.

तो हात धुता धुता थांबला, नळ तसाच चालू. माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग त्याने नळ बंद केला, हात पुसले, पुन्हा येऊन बसला आणि म्हणाला, "आईसाठी असेल तर घे." अक्का, माझा मुलगा बोलायला कोरडा आहे, पण तुला सांगते, त्या चार शब्दांत माझं पोट भरलं. मी किती वर्षांत तुला भेटले नाही हे त्याच्या मनात होतं, बोलला कधी नव्हता एवढंच.

टायवाल्याने गाडी काही दिवस वापरून बघायला दिली, पुढच्या रविवारी हो की नाही सांगायचं. माझ्या आशीर्वादाने तो नरम पडला असावा.

आता पुढचं वाचून झालं की हे पत्र उशीत शिवून टाक. तुझ्या सुनेला दाखवू नकोस, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

गुरुवारी ठकी एका लांबच्या शाळेत चालली होती. म्हणाली, चल माझ्याबरोबर, घरात बसून काय करतेस. मी टुण्णकन उठले. बाहेर पाहते तर भुरभुर सुरू, आणि ती टप लावतेय. आता माघार कशी घेऊ? पिशवी घेतली, कवळी काढून रुमालात बांधली, बसले. टप बंद, काचा बंद, ठकी मुकी. मी मनात म्हटलं, संपलं, आता सीटा फिक्या राहत नाहीत.

अक्का, काही झालं नाही. काचेवरचे वायपर डावीकडे उजवीकडे जात होते, मी रस्ता बघत होते, आणि शाळा आली. बंद गाडीत! कोरडी पिशवी हातात घेऊन मी उतरले. गाडीचाच काही गुण असेल, मला काय कळतंय.

मग त्या शाळेच्या मोठ्या दालनात एका लहान मुलांच्या खुर्चीत मला बसवलं. ठकी पियानोचं पोट उघडून आत वाकली नि एकच सूर पुन्हा पुन्हा वाजवत राहिली, किल्ली केसभर फिरवायची, पुन्हा वाजवायची. माझ्यासारखीला सगळे सारखेच. पण एकदा असा लागला ना, की मलाही कळलं. दळण दळताना जातं आपोआप हलकं होतं तसं काहीसं. तिने मागे वळून बघितलं नाही, पण तिची पाठ हसली. म्हटलं ना, हिचं काम बघितलं की मी गप्प बसते. शिपाईबाईंनी मला चहा आणून दिला, वर बिस्किटं. अशी ऐट मी कुठे केली होती गं? माझं सगळं जग घरापासून पायी जाता येईल एवढंच होतं. भाजीवाला, बँक, बाग, झालं.

येताना ऊन पडलं. ठकीने टप उघडलं. आणि मी खोटं बोलले. म्हटलं, "बरं झालं बाई उघडलंस, नाहीतर माझं काही खरं नव्हतं." तिने मान डोलावली, रस्त्याकडे बघत राहिली.

का बोलले? टप बंद असूनही मला लागत नाही हे मोठ्याला कळलं, तर तो म्हणेल, मग टपाचं कौतुक कशाला, साधी गाडी घे. आणि त्या पोरीने आजवर काहीच स्वतः निवडलेलं नाही गं. बापाची गाडी, आत्याचा फोन, आईचा कोट बाह्या कापून. मिळेल ते हसून वापरते. ही पहिली वस्तू जिच्याभोवती ती फिरली. मी गप्प बसले तर कुणाचं काय जातंय, सांग.

तुझी धाकटी


शनिवार, २७ तारीख

अक्का,

मी उघडी पडले. माझ्याच पोटाने मला उघडं पाडलं. पण असं काही कळलंय की कालपासून मी घरभर नुसती हसत फिरतेय.

काल मोठ्याला सुटी होती. म्हणाला, आई, कवळी सैल झालीय ना, चल, दातांच्या डॉक्टरकडे नेतो. दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला, मी चालत जाते म्हणायची सोय नाही. त्याने गाडी दारात आणली, नेहमीसारखं मागचं दार उघडलं, खिडकीजवळ उशी, हाताशी पिशवी. पुढच्या सीटवर त्याची लिफ्ट तपासायची पेटी, तीही पट्टा लावून बसलेली.

मी बसले आणि मला वेगळीच धास्ती लागली. त्या गुरुवारसारखं आजही काही झालं नाही तर? त्याला लगेच कळणार. देवा, आज तेवढी उलटी होऊ दे, असं मागणारी जगातली मी पहिलीच म्हातारी असेन. आणि देव किती तत्पर! पहिल्या सिग्नलला तोंडाला पाणी सुटलं, दुसऱ्याला पिशवी, तिसऱ्याला पिशवीचा नेम चुकला. बिचाऱ्याने गाडी बाजूला घेतली, पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला. अगदी त्याच्या वडिलांसारखा.

डॉक्टरांनी कवळी घासूनपुसून घट्ट केली. निघताना मागची सीट ओली, वास येणारी. तिथे कसं बसणार? मोठ्याने पेटी उचलून मागे ठेवली, मला पुढे बसवलं. निघालो. त्याने काचा खाली केल्या, हळू चालवायला लागला, माझ्याकडे बघत, रस्त्याकडे बघत. मी समोर बघत होते. सिग्नल आला, गेला. दुसरा गेला. पूल गेला. तेव्हा त्याने विचारलं.

"आई, लागत नाहीये तुला?"

"नाही रे."

"या गाडीला तर टप आहे."

"आहे खरं."

त्याने गाडी बाजूला उभी केली. मागे पेटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आई, तू कधी पुढे बसलीच नाहीस."

"ओकणाऱ्या माणसाला पुढे कोण बसवतं?" मी म्हटलं.

तो हसला. मी पण हसले. मग त्याचं हसू कुठेतरी अडकलं, नि तो फडकं घेऊन आधीच स्वच्छ असलेली काच पुसत बसला.

अक्का, बघ ना. काखेत कळसा नि गावाला वळसा. माहेरी पुढे बाबा नि काका बसायचे. सासरी पुढे सासरे, मग यांच्या शेजारी मोठा, कारण त्याला गिअर बघायला आवडायचे. मी मागे, पोरांत नि सामानात. आणि मला लागते म्हणून तर मागेच, खिडकीशी, म्हणजे चालवणाऱ्याला त्रास नको. लागते म्हणून मागे, नि मागे म्हणून लागते. त्या ठकीच्या गाडीला मागची सीटच नाही, म्हणून मी पुढे बसले. टपाचा काही संबंधच नव्हता.

तुला वाटेल मला वाईट वाटलं. खरं सांगू, नाही वाटलं. यांनी कधी एका शब्दाने कुरकुर केली नाही. प्रत्येक वळणाला गाडी थांबवली, माझे केस मागे धरले, रस्त्याच्या कडेला माझ्यासाठी उन्हात उभे राहिले. जागा बदलून बघावी हे त्यांना सुचलं नाही, तसं मलाही सुचलं नाही, तुलाही नाही. सगळ्यांनी मला जपलंच. चुकीच्या जागी बसवून जपलं, एवढंच. आणि या वयात कळलं हे काय कमी? कळलंच नसतं तर?

पण घरी आल्यावर पंचाईत झाली. मोठा खुशीत. त्याला वाटलं त्याने सगळा प्रश्न सोडवला. ठकी आल्या आल्या त्याने सांगून टाकलं. आता त्या उघड्या गाडीची गरज नाही, चार दारांची चांगली घे, आजी पुढे बसेल, मावशीआजीकडेही जाता येईल. ठकीने ऐकून घेतलं. "बरोबर आहे, बाबा," म्हणाली. मग खुंटीवरची गाडीची किल्ली घेतली, टायवाल्याकडे परत करून येते म्हणून. तोंडावर रागबिग काही नाही. तेच तिचं ते मिळेल ते वापरायचं हसू.

मी म्हटलं, बस इथे.

ती बसली. मी म्हटलं, मी तुझ्याशी खोटं बोलले. त्या शाळेच्या दिवशी टप बंद होतं तरी मला काही झालं नव्हतं.

"माहीत आहे, आजी."

"कसं?"

"तू गुणगुणत होतीस. अख्खा रस्ता. लागणारं माणूस गुणगुणत नाही."

घ्या. मी गुणगुणत होते हे मलाच माहीत नाही, नि हिच्या कानाला कळलं. विचारलं, मग बोलली का नाहीस. तर म्हणते, तू बोलली नाहीस म्हणून. आणि मग जरा खाली बघून म्हणाली की तुझ्या नावावर मला ती गाडी मिळत होती, आजी. मीच लबाडी केली.

म्हणजे आम्ही दोघी एकमेकींसाठी तोंड शिवून बसलो होतो. सूनबाई हसायला लागली. मोठा हसेना.

मी ठकीला म्हटलं, "हे बघ, मी आता कुठल्याही गाडीत बसून अक्काकडे जाऊ शकते. तुझ्या बापाच्या गाडीत पुढे बसून जाईन, पेटी मांडीवर घेऊन जाईन. माझ्यासाठी तुला काही घ्यायला नको. आता माझं नाव न घेता सांग. तुला ती हवी?"

ती हातातली किल्ली फिरवत राहिली. असं कुणी विचारल्याची तिला सवय नाही गं.

"हवी," म्हणाली.

"का?"

"संध्याकाळी काम संपलं की डोक्यात दिवसभराचे सूर साठलेले असतात. त्या दिवशी टप उघडून येताना ते सगळे उडून गेले. घरी आले तेव्हा कान रिकामे होते." मग एकदम लाजून म्हणाली, "बाकी मग, हवी म्हणून हवी."

मी मोठ्याकडे बघितलं. म्हटलं, हौसेला मोल नाही, पण हे तर हौसेपेक्षा जास्त आहे. तो उठला, टॉर्च घेतली, खाली गेला. आम्ही तिघी खिडकीतून बघत होतो. त्याने टप उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. बिजागऱ्यांवर कान ठेवला, कापडाची शिवण बोटाने ओढून बघितली, पट्टे खेचले, सगळं जसं लिफ्टला करतो तसं. मग आत बसला. मग त्याने टप उघडं ठेवूनच मान मागे टाकली नि तसाच बसून राहिला. सूनबाई म्हणाली, झोपला की काय.

वर आला आणि म्हणाला, "बिजागऱ्या ठीक आहेत. डाव्या बाजूला तेल लागेल."

याचा अर्थ हो, अक्का. आमच्या घरात हो असंच म्हणतात.

उद्या रविवार, ठकी टायवाल्याला हो सांगून गाडी कायमची घरी आणतेय. बाकी काही लिहीत नाही, कारण आता तोंडीच सांगणार आहे.

तुझी धाकटी


सोमवार, १३ तारीख

अक्का,

कालच तुझ्या दारातून निघाले आणि आज पत्र लिहायला बसले. सूनबाई म्हणते, अहो, एवढे दिवस बोलून अजून उरलंय? उरलंय. कारण यातलं एक तू पाहिलंच नाहीस. तू पुढे होतीस नि मी मागे.

आधी पोचल्याचं सांगते. घाटात एकदाच थांबलो, तेही ठकीला चहा हवा होता म्हणून. मी कठड्याशी उभी राहून खाली बघितलं. इतका सुंदर घाट आहे गं तो. मी त्याची फक्त गटारं बघितली होती.

तुझ्याकडचे दिवस कसे गेले ते तुलाच काय सांगू. आपण बोललो त्यातलं निम्मं आधीही बोललेलो होतो, पण बसून बोललो. तू मला पाणी हवं का विचारलं नाहीस. तुझ्या सुनेचे माझ्याकडून आभार मान, तिने आपल्याला एकटं सोडलं, नि ती लहानशी खोली आपल्या दोघींची करून दिली. तिच्याबद्दल मी आधी जे लिहिलं ते खोडून टाक.

आणि तो शनिवार. ठकीने तुला विचारलं, मावशीआजी, येतेस का चक्कर मारायला, तर तू केवढी भांडलीस. गुडघे वाकत नाहीत, दवाखान्याच्या गाडीतसुद्धा डोकं आपटलं, लोक हसतील, मी काय लहान आहे. तुझा मुलगा पण नको म्हणाला, इतकी खाली गाडी, आई आत जाणार कशी. मग ठकी गाडीच्या मोकळ्या टपाकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, वाकायचंय कशाला? वरूनच बसवू. दार उघडलं, तू सरळ उभी राहिलीस, एका बाजूने ती, दुसऱ्या बाजूने तुझा मुलगा, नि तुला ताठच्या ताठ खाली सोडलं, पाटीत फुलं ठेवावीत तशी. मग पाय एकेक करून आत. आमच्या टेबलावर एवढी भांडणं झाली, पाऊस काय, सुरी काय, सामान काय. या गाडीचा हा उपयोग कुणाच्याच डोक्यात आला नव्हता.

पुढची जागा मी तुला दिली, ते मोठेपणा म्हणून नाही. दोनच सीटा, काय करणार. मला जरा हेवा वाटला हेही लिहून ठेवते.

तुला वाटलं मी घरात गेले. नाही. मी फाटकाशीच उभी होते. ठकीने गाडी हळूच काढली, दोन घरं, तीन घरं. तू दोन्ही हातांनी समोरचं काहीतरी घट्ट धरून बसली होतीस, मला मागून फक्त तुझं डोकं दिसत होतं, एखादी पाठ केलेली कविता म्हणणाऱ्या मुलीसारखं ताठ. कोपऱ्यावर ठकीने वेग वाढवला. आणि तुझा अंबाडा सुटला. पिना कुठे गेल्या देव जाणे, सगळे पांढरे केस एकदम वर उडाले. तुला एक बट बाहेर आलेली कधी चालली नाही. आईच्या आजारपणातसुद्धा तू आधी वेणी घालून मग रडायचीस. तुझे दोन्ही हात वर गेले. मी म्हटलं, आता बांधणार.

तू बांधला नाहीस, अक्का. हात तसेच वर ठेवलेस, बोटं पसरून, आणि गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत ते खाली आले नाहीत.

तुझी धाकटी